राउट्सची यादी देणं हे फ्रेमवर्कचं काम की आपलं?

अर्धविराम:
कालपासून एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या वेब फ्रेमवर्कवर एक पोस्ट फिरतेय: "चालू सर्व्हरला त्याचे राउट्स विचारता येत नसतील तर एक्सप्रेस कुचकामी आहे. रेल्स, लॅराव्हेलमध्ये एका कमांडवर यादी मिळते." गप्प बसणार होतो, पण खाली 'अगदी अगदी'ची रांग बघून राहवलं नाही.

राउट म्हणजे कुठल्या पाथवरची रिक्वेस्ट कुठल्या फंक्शनकडे जाणार याची नोंद. एक्सप्रेसचा राउटर म्हणजे थरांचा स्टॅक. रिक्वेस्ट आली की वरून खाली एकेक थर तपासायचा. या कामाला यादी लागतच नाही. तिसऱ्या आवृत्तीत ॲपवर राउट्सचं ऑब्जेक्ट होतं, 2014 मध्ये चौथी आली आणि ते गेलं. मग मंडळी नावाआधी अंडरस्कोर असलेल्या अंतर्गत राउटरच्या स्टॅकमध्ये घुसली. अंडरस्कोर म्हणजे 'आत येऊ नये' अशी पाटी. पाचव्या आवृत्तीत ते अंडरस्कोरवालं नावच गेलं, आता कुणाच्या नावाने बोंब मारणार?

आणि एकच राउटर दोन प्रीफिक्सखाली, म्हणजे पाथच्या दोन वेगळ्या सुरुवातींखाली, माउंट करता येतो. त्याने स्वतःचा पूर्ण पाथ कुठला सांगायचा?

लॉगवाचक:
दोन्ही सांगायचे! यादीच आहे ना ती?

चौथ्यात निदान थराची रेगेक्स (पाथ जुळवायचा पॅटर्न) उलटी वाचून प्रीफिक्स काढता यायचा. ओंगळ होतं, पण चालायचं. पाचव्यात रेगेक्सच्या जागी मॅचर फंक्शन्स आली, तोही मार्ग बंद. फास्टिफायमध्ये प्रिंटराउट्स आहे, हापीत सर्व्हरवर टेबल आहे, होनोत ॲपवरच राउट्सची ॲरे आहे. ही सगळी जावास्क्रिप्टचीच फ्रेमवर्क्स आहेत, तेव्हा 'कामाला लागत नाही' हे कारण मला सांगू नकोस.

अर्धविराम:
प्रिंटराउट्सचं आउटपुट बघितलंयस का कधी? रॅडिक्स ट्री छापतं ते. शब्द मधेच तुटून फांद्या फुटतात. कॉमनप्रीफिक्स हा पर्याय फॉल्स केल्यावर कुठे माणसाला वाचता येतं.

बटणवाली:
तुमचं थरकाम चालू द्या. मी फ्रंटएंडला आहे, मला यादी कुठूनही चालेल, पण खरी हवी. आमचे आधीचे बॅकएंडवाले म्हणायचे, "कलेक्शन बघ," म्हणजे जतन केलेल्या रिक्वेस्ट्सचा संच. कलेक्शनमध्ये 'ऑर्डर', सर्व्हरवर 'ऑर्डर्स'. चारशेचार, म्हणजे 'सापडलं नाही', आला की, "तुझ्याकडे कॅश असेल." स्वॅगर, म्हणजे एपीआयचं डॉक्युमेंटेशन, उघडावं तर त्यात तिसराच पाथ.

जुना_नोड:
स्वॅगर शिळं असतं कारण तुम्ही लोक दर आठवड्याला फील्डचं नाव बदलून मागता. आम्ही कोड लिहायचा की स्वॅगरच्या फाइलचं यॅमल सांभाळायचं?

बटणवाली:
'तुम्ही लोक'?? यॅमल आधी लिहा आणि कोड त्यावरून तपासा, म्हणजे सांभाळावं लागणार नाही. हँडलरच्या (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनच्या) डोक्यावर कॉमेंट चिकटवून त्याला डॉक्युमेंटेशन म्हणणारे तुम्हीच. पाथ बदलता, कॉमेंट तशीच. रिव्ह्यूमध्ये कुणी बघत नाही.

जुना_नोड:
आधी यॅमल लिहिणारी टीम मी तरी पाहिलेली नाही. चर्चासत्रात बोलायला बरं असतं.

बटणवाली:
सध्या मी अशाच टीममध्ये आहे. म्हणून तर आधीच्यांचा राग येतो.

लॉगवाचक:
धागा स्वॅगरचा नाही, पण असो. यादी मला का हवी ते सांगतो. एका जुन्या कंपनीत टेस्टिंगसाठी केलेला 'सगळे युजर्स रीसेट' राउट प्रॉडक्शनवर उघडा पडला होता. ऑथ मिडलवेअर (लॉगिन तपासणारा थर) त्याच्या एक ओळ खाली, म्हणजे तपासणीआधीच उत्तर जायचं. कोडमध्ये ग्रेपने शोधून सापडला नाही, कारण पाथ दोन व्हेरिएबल जोडून बनत होता. स्टॅक छापला तेव्हा दिसला. अंडरस्कोरची पाटी ओलांडूनच.

अर्धविराम:
तो गेटने, म्हणजे राउट म्हणून, लावला होता म्हणून दिसला. तेच फंक्शन यूजने लावलं असतं तर ती नुसती मिडलवेअर: उत्तर देते, पण राउट नाही. स्टॅटिक फाइल्सचंही तेच. यादी कोरी दिसली म्हणून निर्धास्त झोपणारे मला जास्त धोकादायक वाटतात. माझं म्हणणं सरळ आहे: मेथड, पाथ, हँडलर यांची एक ॲरे स्वतः ठेवा आणि लूप फिरवून नोंदवा. यादी आयती हातात.

लॉगवाचक:
आणि एखादं पॅकेज स्वतःचा राउटर घेऊन येतं त्याचं काय? ते तुझ्या ॲरेत येऊन नाव लिहितं का?

अर्धविराम:
नाही लिहीत. घे, एवढा मुद्दा तुझा, फ्रेम करून लाव. तेवढ्यासाठी फास्टिफायवर जायचं असेल तर खुशाल जा. फक्त ऑनराउटचा हुक (प्रत्येक राउट नोंदताना आपोआप चालणारं फंक्शन) राउट्सच्या आधी लाव. नंतर लावलास तर आधीचे त्यात येणार नाहीत, आणि मग 'फास्टिफायही अपुरं' म्हणून नवीन धागा काढू नकोस.