मदत हवी आहे: गिटारच्या नेकची चिकट चकाकी कशी घालवायची?

नमस्कार मंडळी. माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या नेकला (हातात धरतो ती लांब दांडी) मागून जाड, चकचकीत पॉलियुरेथेनचं फिनिश आहे. थंडीत चालून जातं, पण सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पारा चाळिशी ओलांडतो आणि घामेजलेला अंगठा नेकला चिकटून बसतो. पावडर लावली की दोन गाण्यांत तिचा लगदा होतो.

लाकूड उघडं करायचं नाहीये, फक्त वरची चमक घालवून मॅट करायचं आहे. फोर-झीरो स्टील वूल (अतिबारीक पोलादी तारांचा बोळा) यासाठी चांगलं, पण त्याचे लोखंडी कण पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणारा भाग) चुंबकाला चिकटतात. नेक बोल्ट-ऑन आहे, सोडवता येईल, तरी धाकधूक वाटते. त्यापेक्षा ८०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, की राखाडी स्कॉच-ब्राइट (बारीक घासणीचं पॅड)? (घरच्यांनी भांड्यांची हिरवी घासणी पुढे केली होती. ती नको, फार खरखरीत!)

फ्रेटबोर्डच्या (नेकची पुढची, बोटं दाबायची पट्टी) कडा मास्किंग टेपने झाकणार आहे. नंतर मेण लावावं की तसंच सोडावं? हाताच्या घर्षणाने चमक परत येते, तेव्हा पुन्हा किती दिवसांनी घासता? आणि राखाडी पॅड सोलापुरात कुठे मिळेल, हार्डवेअरच्या दुकानात की गाड्यांच्या पेंटवाल्यांकडे?