देवमाणसांची आरती पुरे, आशाताईच्या मोबदल्याचं बोला

उंबरठा
परवापासून एक पोस्ट फिरतेय. शोधग्रामचे बंग, हेमलकशाचे आमटे, बैरागडचे कोल्हे, जामखेडचे आरोळे अशा, खेड्यापाड्यांत आरोग्याचं काम केलेल्या चार जोडप्यांचे फोटो आणि खाली मजकूर: 'सरकारी आरोग्यव्यवस्था केव्हाच मेली. ही देवमाणसं नसती तर आदिवासी उरलाच नसता. सरकारी डॉक्टर पळपुटे आणि आशा पैसे दिसले तरच हलतात.' त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, लांबलं म्हणून वेगळा धागा.

या चार जोडप्यांचं काम मला कमी लेखायचं नाही. (तरी दोन जण तेच म्हणत येतील. या.) माझा राग त्या शेवटच्या वाक्यावर आहे. माझी धाकटी जाऊ आशा आहे, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, गडचिरोली जिल्ह्यात.

'पैसे दिसले तरच हलतात' म्हणे. अहो, योजनाच तशी आखलीय ना! २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हाच ठरलं की ही बाई स्वयंसेविका राहणार, तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन-ताप-श्वास बघायचा, फॉर्म भरायचा. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. एका भेटीचे बेचाळीससुद्धा पडत नाहीत. एवढ्यात हलणारी बाई पैशाला हपापलेली असेल तर मग आपण सगळे कोण?

पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागड तुटलं ही बातमी दर पावसाळ्यात असते. बोटीतून नेलेल्या गरोदर बाईचा फोटोही असतो. ज्यांना बोटीत बसायची वेळच आली नाही त्यांचा फोटो कोण काढणार? मे महिन्यातच याद्या निघतात. जुलै-ऑगस्टची तारीख कुणाकुणाची, कुठला पाडा तुटतो, कुणाला आधीच आणून माहेरघरात (बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायची सोय) ठेवायचं. मग सासू म्हणते, ऐन धानाच्या रोवणीत सून तिकडे जाऊन बसली तर बांधीत उतरणार कोण? एका घरी जावेने शेवटी सांगितलं, तिच्याऐवजी मी येते रोवणीला. आणि गेली. तेव्हा कुठे सून सुटली. याचा मोबदला कुठल्या तक्त्यात आहे तो दाखवा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या समस्त आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. जावेने बातमी वाचली आणि विचारलं, "याचं काही खात्यात येते का?"

नागझिरा
उंबरठाताई, राग कळला, पण नेम चुकला. जाऊबाईंच्या पिशवीतला तो वजनकाटा तिथवर आला कसा? गडचिरोलीत ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेला, असा अभ्यास नव्वदच्या दशकात बंगांनीच केला. गावातल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ ला केंद्र सरकारने तोच कार्यक्रम आशांकडे दिला. तुम्ही मोजलेले ३, ७, १४, २१ हे दिवस आभाळातून पडलेले नाहीत. मोबदला दिल्लीने ठरवला, शोधग्रामने नाही. आरती ओवाळणाऱ्यांवर चिडा, पण ज्याने वाट पाडली त्याला का ओढता?

उंबरठा
कुणी ओढलं? मी पोस्टवर बोलतेय. आणि विषय काढलाच आहे तर, त्या ३९ गावांत रात्री-बेरात्री बाळाच्या घरी कोण जात होतं? त्याच बायका ना? त्यांतल्या एकीचं तरी नाव पोस्ट टाकणाऱ्याला ठाऊक आहे का? शिवाय सरकारने कार्यक्रम उचलताना गाभाच गाळला. शोधग्रामची आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत होती. आशेला इंजेक्शन द्यायची परवानगी नाही. तिने ओळखायचं आणि पाठवायचं. पाठवायचं कशाने, ते विचारू नका.

लालडब्बा
१०८ ची ॲम्ब्युलन्स आहे की. २०१४ पासून धावतेय, ठेकेदाराकडे आहे म्हणूनच धावतेय. सगळंच खाजगीकडे द्या, प्रश्न मिटला.

वऱ्हाडी ठेचा
लालडब्बा भाऊ, १०८ ले रस्ता लागते. गाडी डांबरापर्यंत येते, तिथून पुढं बाई खाटेवरच असते. ठेकेदार खाट उचलन काय?

बंधपत्रित
'पळपुटे' या शब्दाबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितोय. मी विदर्भातल्या एका आदिवासी तालुक्यात बाँडवर आहे, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी सेवा; ती टाळायची तर दंड. डॉक्टरांची मंजूर पदं दोन, भरलेलं एक, ते म्हणजे मी. नियमाने आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आमच्याकडे त्याहून जास्त लोक येतात, कारण शेजारच्या केंद्रात डॉक्टर नाही हे गावांना माहीत असतं. ओपीडी, बाळंतपणं, साप चावलेले, दारू पिऊन मारामारी केलेले, कुजलेल्या प्रेताचं शवविच्छेदन, आणि रोज संध्याकाळी ऑनलाइन माहिती न भरल्याबद्दल व्हिडिओ बैठकीत शिव्या. माझ्या बॅचचे कितीतरी जण दहा लाख भरून मोकळे झाले आणि पीजीच्या अभ्यासाला बसले. मी भरले नाहीत, कारण घरात नव्हते. तेव्हा पळपुटा म्हणायचं तर जे पळाले त्यांना म्हणा. इथे आहे त्यालाच कशाला?

आणि उंबरठाताई, आशांचं सगळं खरं, पण काही आशा पेशंट खाजगीत नेऊन कमिशनही घेतात. तेही लिहा.

उंबरठा
काही डॉक्टर सकाळी सरकारी आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसतात. तेही लिहू? कमिशन घेणारीला काढून टाका, कोण अडवतंय? पण जिला पगारच नाही तिच्या प्रामाणिकपणाची परीक्षा आधी, आणि गलेलठ्ठ पगारवाल्याची कधीच नाही, हा कुठला न्याय?

वऱ्हाडी ठेचा
डॉक्टरसाहेब, एक साधा प्रश्न. मुख्यालयी, म्हंजे नेमणुकीच्या गावातच, राह्यता का?

बंधपत्रित
राहतो. क्वार्टरमध्ये. छत गळतं, बोअरचं पाणी लाल येतं, पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरात मण्यार निघाली. राहतो तरी.

वऱ्हाडी ठेचा
तुम्ही राह्यता त खुशी हाय. आमच्या इथले सायेब सत्तर किलोमीटरवरून येतात, साडेअकराले येतात आन् तीनच्या बसची वाट पाह्यतात. सिस्टर बी तशीच. आन् कागदावर सगळे मुख्यालयी. घरभाडं बी उचलून राह्यले. ते गावातच राह्यतात असा ग्रामसभेचा ठराव जोडलेला, सरपंचाची सही हाय. मी त्या ग्रामसभेले होतो, असा विषयच निघाला नाई.

फळा-खडू
आलं का मुख्यालय? कुठलाही विषय असो, गाडी येणार मुख्यालयावरच. २०२२ मध्ये आमदार बंब यांनी विधानसभेत शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा विषय काढला तेव्हापासून सगळ्या महाराष्ट्राला आम्हीच चोर दिसतोय. ठेचा, तुमच्या गावात भाड्याने मिळणारी एक तरी खोली आहे का? संडाससहित? माझी पहिली नेमणूक ज्या वाडीवर होती तिथे समाजमंदिरात झोपायचो. बायको आली, दोन दिवसांत परत गेली. पोरांना शिकवायचं कुठे? शिक्षकाच्या पोराला शिकायला शाळा नको का?

वऱ्हाडी ठेचा
वा गुरुजी! म्हणजे तुम्ही ज्या शाळेत शिकवता ती तुमच्या पोराले चालत नाई, आमच्या पोट्ट्याले चालते. लिहून देल्लं हे बरं केलं.

फळा-खडू
वाकडा अर्थ काढू नका. माध्यमिक शाळेबद्दल बोलतोय मी. आमच्याकडे चौथीपर्यंतच आहे.

बंधपत्रित
गुरुजी, शाळा पाच वाजता सुटते. बाळंतपण सुटीच्या वेळा बघून येत नाही. शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी एका दावणीला बांधू नका. तुम्ही अपडाऊन केलं तर पोरांचा परवचा बुडेल, सिस्टरने केलं तर जीव जातो.

फळा-खडू
म्हणजे आमचं काम दुय्यम, हो ना? निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचा तांदूळ, झालंच तर करोनात चेकपोस्टवर उभं कोण होतं? डॉक्टरांना जरा कोट चढला की बाकीचे कस्पटासमान.

बंधपत्रित
कोट? इथे चप्पल वाळत नाही, कोट कुठला घालू?

उंबरठा
मंडळी, विषय आशांचा आहे.

लालडब्बा
तेच म्हणतोय. खाजगी कंपनी असती तर बायोमेट्रिक लावून सगळे सरळ केले असते.

वऱ्हाडी ठेचा
बायोमेट्रिक हाय ना भाऊ. लाइन नसते.

नागझिरा
अवांतर वाटेल, पण नाही. जामखेडला आरोळे १९७० मध्ये आले तेव्हा त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सबाईच गावात ठेवून पाहिल्या. टिकल्या नाहीत. एकट्या बाईला परक्या गावात राहणं जड, गावालाही ती परकी. मग गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. सुरुवातीला गावातले वरचे लोक त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हते, पुढे त्यांच्याच हातून बाळंतपणं झाली. १९७८ मध्ये अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' असं जग म्हणालं तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जायचं त्यांत हे होतं. म्हणजे मुख्यालयाचा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी सुटला होता. जी आधीपासून राहतेच आहे, तिला शिकवायचं.

उंबरठा
आणि ती राहतेच आहे म्हणून तिला पगार द्यायचा नाही. हे अर्धं वाक्य तुम्ही सोयीने सोडलंत.

वऱ्हाडी ठेचा
हे जमलं. जी गावात राह्यते तिले पगार नाई, जो राह्यत नाई त्याले घरभाडं. काढा याचा जीआर.

बंधपत्रित
टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, खरंही आहे. पण घरभाडं बंद केल्याने डॉक्टर येणार आहे का? आमचं दुसरं पद भरलं जात नाही ते भत्त्यामुळे नव्हे. मोबाइलला रेंज नाही, बायकोला नोकरी नाही, पुढे बदलीची खात्री नाही. एकदा भामरागड-एटापल्लीकडे गेलेला माणूस तिथेच कुजेल अशी भीती असते. बदलीला 'शिक्षा' म्हणायची पद्धत कुणी पाडली? मंत्रालयानेच ना? कामचुकाराला गडचिरोलीला पाठवतात आणि वर विचारतात, तिथे काम का होत नाही.

नागझिरा
याला शंभर टक्के सहमती. गडचिरोलीकरांना विचारा, हे ऐकून त्यांना काय वाटतं.

बंधपत्रित
आता आशांचं. परवाच्या रात्री पाड्यावरून एक बाई आली, झटके येत होते. सोबत आशा, पहाटे तीनला, ट्रॅक्टरवर. बीपीचा कागद तिच्या हातात. दोन आठवड्यांपूर्वी तिनेच पायावरची सूज बघून आमच्या केंद्रात आणलं होतं आणि घरच्यांनी परत नेलं होतं. मॅग्नेशियम सल्फेट दिलं, पुढे पाठवलं, बाई आणि बाळ दोघं वाचली. त्या आशेने सकाळी मला विचारलं, बाळंतपण जिल्ह्याला झालं, तर माझ्या नावावर धरतील का? तेव्हा हो, मोबदल्याचं तुमचं म्हणणं मान्य. कमिशनचं माझं म्हणणंही तसंच आहे, ते सोडलेलं नाही.

उंबरठा
डॉक्टरांनी अर्धं मान्य केलं, धाग्याचं सार्थक झालं म्हणायचं. थोडी संपाची माहिती देते, कारण 'आशा नेहमी संपावरच असतात' हे वाक्य अजून कुणी टाकलं कसं नाही याचंच नवल वाटतंय. २०२३ च्या संपात वाढीची घोषणा झाली. जीआर निघेना, म्हणून जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप, आझाद मैदान. लेकरं घेऊन बायका कित्येक दिवस मुंबईत फुटपाथवर. मार्चमध्ये राज्याच्या मोबदल्यात महिन्याला पाच हजारांची वाढ मंजूर झाली. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनेच सांगितलं होतं की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना. त्यावर अजून धूळ बसतेय. आणि आशेला देवी म्हणायला लागलात तर मी पहिली भांडेन. देवीला भविष्यनिर्वाह निधी लागत नाही.

लालडब्बा
वाढ मिळाली ना मग? आता काय रडणं? सत्तर हजार आशांना कायम केलं तर पैसा कुठून आणणार? माझ्या करातून?

नागझिरा
लालडब्बा, ज्या रस्त्यावरून तुम्ही ऑफिसला जाता तो कुणाच्या करातून झाला ते बघा. साबण विकत घेणारा पाड्यावरचा माणूसही कर भरतो. पैशाचा मुद्दा मात्र खोटा नाही, हेही सांगतो. सेवेत कायम करायचं म्हटलं की वयाची अट, शिक्षणाची अट, भरती परीक्षा येणार. तिसरी-चौथी शिकलेली, माडिया बोलणारी, पाड्याला घरची वाटणारी बाई त्या परीक्षेत टिकणार नाही आणि तिच्या जागी तालुक्याची पदवीधर येणार. मग तीही अपडाऊन करील. हा धोका तुम्हाला दिसतो का, ताई?

उंबरठा
दिसतो. म्हणून मी परीक्षेची मागणी केलीच नाही. आहे त्याच बाईला ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. एवढं मागायला आझाद मैदान लागतं.

फळा-खडू
मी अजून मुख्यालयावर उत्तराची वाट बघतोय. ठेचा गायब. त्या ग्रामसभेला तुम्ही होतात तर ठरावावर हरकत का घेतली नाही? तुमचाही कुणीतरी नोकरीत असेल तिथे.

वऱ्हाडी ठेचा
माहा साळा हाय शिपाई. त्याचं नाव नाई त्या ठरावात. आता बोला.

फळा-खडू
तेच म्हणत होतो मी! बोलणाऱ्याच्या घरातच निघतं.

उंबरठा
गुरुजी, मुख्यालयावर वेगळा धागा काढा. हात जोडते.

फळा-खडू
काढतो. पण डॉक्टरांनी आधी 'परवचा बुडेल' हे मागे घ्यावं.