पडू द्या, शिकेल वगैरे

खिडकीतून:
निवांतरावांची पोस्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. मला ती दोनतीन जणांनी फॉरवर्ड केली, सगळे सासरचे, त्यामुळे उत्तर द्यायलाच हवं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावणारे, ड्रॉवरला लॉक घालणारे, गॅलरीला जाळी बसवणारे आईबाप म्हणजे घाबरट जमात, मुलांची पार भित्री भागुबाई करून टाकतात, आम्ही वॉकरमधून घरभर हिंडलो, आपटलो, हाताला लागेल ते तोंडात घातलं, आज ठणठणीत आहोत. पडू द्या, शिकेल.

पडू द्या, माझी ना नाही. सोफ्यावरून पडलं की मूल रडतं आणि पुढच्या वेळी पोटावर होऊन आधी पाय खाली सोडतं, याला शिकणं म्हणतात. पण रिमोटमधली ती गोल चपटी बॅटरी गिळून मूल काय शिकणार? ती अन्ननलिकेत अडकली की ओलाव्यातून करंट वाहतो, कडेला अल्कली तयार होते आणि दोन तासात आतून भाजायला सुरुवात. आणि चालू बॅटरीच असली पाहिजे असंही नाही, रिमोट चालत नाही म्हणून काढून टीपॉयवर ठेवलेली 'संपलेली' बॅटरी, तिच्यातही तेवढा करंट उरलेला असतो. मूल खात नाही, लाळ गाळतं, खोकतं, घरच्यांना वाटतं सर्दी झाली. बादलीत ओणवं झालेलं वर्षाचं मूल काय शिकणार? डोकं जड असतं, तोल गेला की परत वर येता येत नाही आणि आवाजही होत नाही, हाका मारत बुडतात ते सिनेमात.

जे मुलाला दिसतं, समजतं, तिथे सोडा की त्याला खुशाल. जे त्याला दिसूच शकत नाही त्याच्यापुढे त्याला 'धीट' करायला निघालेल्यांचा मला राग येतो. आणि ड्रॉवरला लॉक लावलं म्हणून मी घाबरट ठरत असेन तर ठीक आहे, आहे मी घाबरट.

निवांतराव:
वा, माझ्यावर धागा आणि मलाच आमंत्रण नाही. मुलांना बॅटऱ्या चारा असं मी कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा ना एकदा.

मी लिहिलं ते भाच्याकडे बघून. नऊ वर्षांचा घोडा, जिना उतरताना अजून आई हात धरते, कात्री हातात दिलेली नाही, मैदानावर नेलं तर बाकावर बसतो कारण घसरगुंडीवर 'लागेल'. मग उरलं काय, घरात बसून स्क्रीन. आता चष्मा लागला. रोज दोनेक तास बाहेरच्या उजेडात असणाऱ्या मुलांना लघुदृष्टीचा धोका कमी असतो हे डोळ्यांचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतायत, पण तो धोका कुणाला दिसत नाही, कारण तो कोपऱ्यात नसतो आणि त्याला रबर लावता येत नाही. मुलाला पडता आलं पाहिजे हो. जे सहाव्या वर्षी झाडावरून पडत नाही ते सोळाव्या वर्षी बाईकवरून पडतं. आणि आम्ही जगलोच की.

सडेतोड:
"आम्ही जगलोच की" आलं! वाटच बघत होतो. जे नाही जगले ते पोस्ट टाकायला येत नाहीत साहेब. १९९० साली जगात जन्मलेल्या दर हजारातली ९३ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची, २०२२ साली तो आकडा ३७ वर आला. आपोआप आला काय?

निवांतराव:
मग काय कोपऱ्याला रबर लावून आला? लसी आल्या, ओआरएस आलं, पाणी स्वच्छ झालं, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. कशाचं श्रेय कुणाला देताय.

सडेतोड:
बरं, रबराचा मुद्दा तुमचा. फक्त रबराचा. झाडावरून न पडणारा बाईकवरून पडतो याला आधार काय तेवढं सांगा, की तोही भाचाच?

रात्रपाळी:
कॅज्युअल्टीत काम करते, ड्युटीवरून आलेय, वाद घालायचं त्राण नाही. बॅटरीबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. एकदा रात्री एक जोडपं आलं, मुलीने संध्याकाळीच काहीतरी गिळलेलं, नाणं असेल, सकाळी शीमधून पडेल म्हणून घरी थांबलेले. एक्सरेत कडेला दुहेरी रिंग दिसली की आम्हाला कळतं ते नाणं नाहीये. त्यानंतरची धावपळ इथे लिहीत नाही. बॅटरीचा नुसता संशय असला तरी थांबायचं नाही, उलटी काढायची नाही, सरळ निघायचं.

बिनधास्त:
मध द्यायचा. मधाने बॅटरी विरघळते असं वाचलंय.

रात्रपाळी:
काहीही विरघळत नाही. मधाने भाजण्याचा वेग थोडा कमी होतो, बस. तोही मूल एक वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील तर, दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा, आणि हे सगळं हॉस्पिटलच्या वाटेवर. घरात मध शोधत बसायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. कृपा करून 'विरघळते' हे पुढे पाठवू नका.

बिनधास्त:
बरं बाई. रागवू नका.

आजोबा_ऑनलाइन:
नमस्कार. चर्चा चांगली चालली आहे परंतु वॉकरला यात का ओढले ते समजले नाही. माझ्या दोन्ही मुलांना वॉकर होता. नातवासाठी मी स्वतः जाऊन घेऊन आलो. सूनबाईंनी इंटरनेटवर काहीतरी वाचले आणि तो माळ्यावर गेला. आमचे कुणी ऐकत नाही. मूल वॉकरमध्ये आनंदाने फिरते, लवकर चालायला लागते, घरच्यांना दोन घटका मोकळ्या मिळतात. यात वाईट काय?

खिडकीतून:
काका, सूनबाईंना माझ्याकडून शाबासकी सांगा. वॉकरने मूल लवकर चालत नाही, झालाच तर उशीर होतो. त्यात ते पायाच्या बोटांवर ढकलत पुढे जातं, तोल सांभाळायचं काम वॉकर करतो, स्वतःचे पाय त्याला दिसतही नाहीत. आणि वेग सेकंदाला तीन फुटांच्या वर.

आजोबा_ऑनलाइन:
माझा थोरला अकराव्या महिन्यात चालला.

खिडकीतून:
वॉकर नसता तरी चालला असता.

आजोबा_ऑनलाइन:
हे तुम्ही कसे सांगू शकता?

सडेतोड:
आणि वॉकरमुळे चालला हे तुम्ही कसं सांगू शकता? :)

दोन_पिल्लं:
वॉकरचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, दोन वर्षं मनात आहे. बाळ होण्याआधीच घरात दोन वॉकर आले, एक माहेरून एक सासरहून, मी नको म्हटलं तर केवढं महाभारत, 'आमच्या हौसेचं तुला काहीच नाही'. मी कामावर गेले की बाळ वॉकरमध्ये, मी आले की बाळ सतरंजीवर, जणू काही झालंच नाही. मला कळलं कसं, तर वॉकर बाथरूमच्या उंबऱ्याला अडकून उलटा झाला आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ. वर मलाच ऐकवलं की तू घरी असतीस तर झालं नसतं.

चिमटा:
शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं. हा अख्खा धागा वाचा, भाच्याची आई हात धरते, सूनबाईंनी वॉकर टाकला, तू घरी असतीस तर. बाप कुठेयत? मूल पडलं तर आई बेफिकीर, नाही पडलं तर आई घाबरट. निवांतराव, भाच्याला कात्री द्यायला त्याच्या बापाला कुणी अडवलंय का? की मामालाच?

निवांतराव:
माझ्या मेव्हण्याला यात आणू नका.

चिमटा:
बहिणीला तुम्हीच आणलंत.

बिनधास्त:
मला वाटतं एवढं सगळं कशाला. मुलांकडे लक्ष ठेवलं की झालं. वॉकर असो बॅटरी असो, मोठं माणूस समोर पाहिजे. हल्ली आईबाप समोर असतात पण डोळे मोबाईलमध्ये. माझ्या समोर एक बाई पूलच्या कडेला रील बघत बसलेली आणि पोरगं पाण्यात.

चिमटा:
परत बाई.

बिनधास्त:
बाई होती तर काय पुरुष म्हणू?

रात्रपाळी:
मोबाईलचं बरोबर आहे, पाण्याजवळ तर हातभर अंतरावरच असायला हवं. पण 'लक्ष ठेवलं की झालं' हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते, 'समोरच होतो हो' च्या रूपात. सेकंदाला तीन फूट म्हणजे तुम्ही खुर्चीतून उठेपर्यंत मूल जिन्यापाशी. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात सव्वा वर्षाच्या आतली अंदाजे दोन लाख तीस हजार मुलं वॉकरच्या दुखापतींनी इमर्जन्सीत आली, बहुतेकांना डोक्याला मानेला मार, तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली. त्या सगळ्यांच्या घरी काय कुणी लक्ष देत नव्हतं? तिथल्या बालरोगतज्ज्ञांची अकॅडमी बंदीच मागतेय. कॅनडाने तर २००४ सालीच घातली, विक्री, आयात, जाहिरात, जुना वॉकर कुणाला देऊन टाकणं सुद्धा.

निवांतराव:
कॅनडाचं नाव काढलंत ते बरं झालं! त्याच कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली काय सांगितलंय ते पण वाचा. मुलांना उंचावर चढू द्या, वेगात पळू द्या, दांडगाई करू द्या, बाहेर जोखमीचा खेळ मुलांच्या तब्येतीला आणि मनाला हवाच. "शक्य तितकं सुरक्षित" नको, "गरजेपुरतं सुरक्षित" पुरे, असा एकूण सूर. मी वेगळं काय म्हणत होतो?

खिडकीतून:
वाचलंय मी ते. त्यात जोखीम आणि घातक गोष्ट यात फरक केलाय तो भाग तुम्ही गाळलात. मुलाला फांदीची उंची दिसते, चढायचं का नाही ते ते ठरवू शकतं, ही जोखीम. फांदी आतून कुजलेली असेल तर ते त्याला कळणार नाही, ते बघणं आपलं काम. मी पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलंय, तुम्ही रबराच्या पुढे वाचलंच नाहीत.

निवांतराव:
म्हणजे झाडावर चढू द्यायचं हे मान्य?

खिडकीतून:
कधी अमान्य होतं? माझी मुलगी झाडावरच असते. तुमच्या पोस्टमध्ये झाड नव्हतंच, वॉकर होता आणि 'हाताला लागेल ते तोंडात' होतं.

निवांतराव:
ठीक आहे, वॉकर काढून टाकतो पोस्टमधून. 'तोंडात' पण. जाळीचं वाक्यही जातंय, कारण बहिणीने आत्ता फोन करून झाडलंय, हा धागा तिला कुणी पाठवला ते मला कळलं पाहिजे. बाकी पोस्ट राहील. कोपऱ्याच्या रबरावर मी ठाम आहे.

चिमटा:
रबर तुम्हालाच लखलाभ. कात्री मात्र द्या त्याला या आठवड्यात, लहान मुलांची येते बोथट टोकाची ती नको, खरी द्या, शेजारी बसून.

आजोबा_ऑनलाइन:
सर्व वाचले. आकडे अमेरिकेचे आहेत, आमच्या घरात जिना नाही. तरीही रात्रपाळी ताईंनी लिहिले म्हणून विचार करतो. परंतु मग मुलाला ठेवायचे कुठे? सूनबाई दिवसभर कामावर, मी आणि हिची गुडघेदुखी, त्याच्यामागे धावता येत नाही. हे कुणी विचारत नाही. वॉकर वाईट एवढे सगळे सांगतात.

दोन_पिल्लं:
काका, हा प्रश्न मला कुणी आधी असा सरळ विचारला असता तर घरात एवढी भांडणं झाली नसती. आम्ही शेवटी मोठं कुंपण आणलं, प्लेपेन म्हणतात, आत सतरंजी आणि खेळणी. बाळ धरून उभं राहतं, आपटतं, उठतं. आजी शेजारी खुर्चीत. धावावं लागत नाही.

सडेतोड:
म्हणजे पिंजरा. निवांतराव, या, तुम्हाला नवीन पोस्टला विषय मिळाला.

निवांतराव:
पिंजरा तर पिंजरा, निदान जमिनीवर आहे. आजोबा, खुशाल घ्या.

आजोबा_ऑनलाइन:
बघतो. माळ्यावरचा वॉकर आमच्या मदतनीस बाईंना हवा आहे. देऊन टाकावा काय?

खिडकीतून:
नका हो काका. त्यांच्याही नातवाला डोकं आहे. मोडून टाका.

आजोबा_ऑनलाइन:
नवा कोरा आहे. मोडवत नाही.

चिमटा:
मग राहू दे माळ्यावर. सूनबाईंनी जागा बरोबर शोधलीय.

नवी_आई_९:
सगळं वाचलं नाही पण खूप माहितीपूर्ण धागा आहे. माझं बाळ सात महिन्यांचं आहे, कुणी चांगला वॉकर सुचवेल का? म्युझिकवाला असेल तर उत्तम.

रात्रपाळी:
वर जा. पहिल्यापासून वाचा. मी झोपायला जातेय.