मदत हवी आहे: ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारांनंतर वाढलेलं वजन, आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने वजन उचलावं का?

योगवर्ग_इंदिरानगर
नमस्कार. माझ्या सकाळच्या वर्गात एक बाई नव्याने यायला लागल्या आहेत. वय 52, उंची 155 सेंमी, वजन 71 किलो. आजार कळला तेव्हा 64 होतं. डाव्या स्तनाचं ऑपरेशन, काखेतल्या लसीका गाठीही (लिम्फ नोड्स) काढल्या, मग केमो आणि रेडिएशन. ते संपून चार महिने झाले, आता लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) रोज. तळपाय बधिर, सकाळी बोटं आखडलेली. हाताला सूज नाही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रोज तासभर चालतात, तरी काटा हलत नाही. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे, पण कोणता आणि किती ते सांगितलेलं नाही. घरचे म्हणतात, डाव्या हाताने कळशीसुद्धा उचलायची नाही. वजनं द्यावीत का? सूर्यनमस्कार चालतील? आणि एवढं चालून वजन का उतरत नाही?

फिजिओ_गंगापूररोड
कळशीची भीती जुनी आहे: काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येऊ शकते म्हणून. 2009 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हातावर आधीच सूज असलेल्या 141 बायकांवरचा अभ्यास आला. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलल्याने सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. धोका आहे तो वर्षभर हात जपून ठेवायचा आणि दिवाळीत एकदम गादी उचलायची, यात.

आधी खांदा बघा. दोन्ही हात कानाला लागेपर्यंत वर जातात का? काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताणलेली शीर लागते का? तसं असेल तर पहिले काही आठवडे फक्त भिंतीवर बोटं चढवणं आणि काठीने हात वर नेणं.

मग डाव्या हाताला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो. कोपर वाकवणं, बाजूला खांद्यापर्यंत नेणं, मागे ओढणं. प्रत्येकी 10 वेळा, एक फेरी. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. हात जड वाटला नाही, बांगडी घट्ट झाली नाही, असे सलग दोन-तीन वेळा गेले तरच अर्धा किलो वाढवा. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खाली उतरून सुरुवात.

पायांना मात्र हे बंधन नाही, आणि मोठे स्नायू तिथेच आहेत. हात न टेकवता खुर्चीतून उठबस 10 वेळा, दोन-तीन फेऱ्या. ओट्याला धरून टाचा उचलणं. ओट्याजवळच एका पायावर उभं राहणं, कारण पाय बधिर असले की तोल आधी जातो. अनवाणी काही नको. तळव्याला खडा टोचला तरी कळणार नाही.

सूर्यनमस्कार लगेच नकोत. लेट्रोझोलने हाडांची घनता उतरते, त्यामुळे आधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झालाय का ते विचारा. हाडं ठिसूळ निघाली तर कंबरेतून खोल वाकणं, पिळाची आसनं आणि सिट-अप्स वर्ज्य. शिवाय सूर्यनमस्कारातल्या दंडस्थितीत अंगाचा बराच भार हातावर येतो. तो आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर असा आणायचा. बोटं आखडणंही बहुधा त्याच गोळीचं. व्यायामाने त्यात आराम पडतो, म्हणून आखडली म्हणून सुट्टी नको.

केमोत डॉक्सोरुबिसिन (ते लाल औषध) किंवा नंतर ट्रास्टुझुमॅब दिलं असेल, तर दम लागेपर्यंतचा व्यायाम टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच, कारण ही औषधं हृदयावर परिणाम करू शकतात.

आहार_कॉलेजरोड
चालण्याचा हिशेब साधा आहे. 70 किलोची बाई ताशी चार किलोमीटरने तासभर चालली तर साधारण 200 कॅलरी. मिसळीच्या एका प्लेटीत त्या परत येतात, पावासकट दुपटीने. आणि उपचारानंतर घरोघरी "ताकद यावी" म्हणून डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, तूप चालू होतं ते बंद कोण करतो? पहिली चौकशी तीच करा.

दुसरं, केमोच्या काळात स्नायू झडतात आणि चरबी वाढते. म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांना 80 सेंमीच्या वर धोका धरतात. पहिलं लक्ष्य पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलो, आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने नाही. उपासमार केली तर स्नायूच जातील.

प्रथिनं दिवसाला 70 ग्रॅमच्या आसपास, तीन जेवणांत वाटून (मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर). वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18. म्हणजे पोळी-भाजी आणि पातळ आमटीवर हे भागत नाही. जेवणातलं सोयाबीन चालतं. सोयाच्या गोळ्या-पावडरी नकोत.

योगवर्ग_इंदिरानगर
आभार दोघांचे. हात घरी कसा मोजायचा? आणि त्यांना पांडवलेणी (नाशिकजवळच्या डोंगरावरची लेणी) चढायची आहे.

फिजिओ_गंगापूररोड
शिंप्याची टेप घ्या. मनगट, कोपराच्या घडीपासून 10 सेंमी खाली आणि 10 सेंमी वर, दोन्ही हात, महिन्यातून एकदा, सकाळी. उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून व्यायामाआधीची मापं लिहून ठेवा. त्यापेक्षा कुठेही दोन सेंमीचा फरक वाढला तर लिम्फिडिमा (हीच हाताची सूज) बघणाऱ्या फिजिओकडे. हात लाल, गरम, सोबत ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री झोपमोड करणारं नवं हाडांचं दुखणं, धाप, एकाच पोटरीची सूज, प्रयत्न न करता उतरलेलं वजन, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवा.

पांडवलेणी चढताना फार तर दम लागेल, पण उतरताना बधिर पाय दगडी पायरीच्या कडेवर कुठे पडतो ते कळत नाही. ओट्याला न धरता प्रत्येक पायावर 10 सेकंद उभं राहता येईपर्यंत कृषिनगरचा सपाट ट्रॅक, मग सोबत कुणी घेऊन, काठी उजव्या हातात.