पीजचं टीव्ही केंद्र बंद केलं, ही चूक होती का?

अँटेनावाला

परवा गुजरातेत नडियादहून आणंदकडे जात होतो. ड्रायव्हरने एका फाट्याकडे हात करून सांगितलं, "इकडं पीज." त्याला वाटलं आपण अमूलचे पर्यटक. मी मात्र ते नाव ऐकून सरसावून बसलो. या खेडेगावातून 1975 ते 1985 अशी दहा वर्षं एक टीव्ही केंद्र चाललं. एक किलोवॅटचा ट्रान्समीटर, साधारण 35 किलोमीटरचा पल्ला आणि प्रेक्षक खेडा जिल्ह्यातले शेतकरी, शेतमजूर, दूध घालायला जाणाऱ्या बायका. म्हणजे चरोतरचा पट्टा.

थोडी पार्श्वभूमी. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात 'साइट' नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-6 उपग्रह एका वर्षासाठी उसना घेतला आणि सहा राज्यांतल्या 2400 गावांत, कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या अँटेना बसवून थेट कार्यक्रम दाखवले. वर्ष संपलं, नासाने उपग्रह परत नेला, गावांतला पडदा काळा झाला. फक्त पीज चालू राहिलं, कारण तिथे उपग्रहाची गरजच नव्हती. जमिनीवरचा ट्रान्समीटर, अहमदाबादला इस्रोच्या अवकाश उपयोग केंद्राचा छोटासा स्टुडिओ आणि मध्ये मायक्रोवेव्हचा दुवा. गावात साधा टीव्ही, साधा एरिअल.

400 च्या आसपास गावांत मिळून 600 हून जास्त सामूहिक संच होते. कुठे दूध मंडळीत, कुठे पंचायतीत, कुठे शाळेत. कार्यक्रम चरोतरी बोलीत. 'चतुर मोटा'सारख्या मालिका हुंडा आणि विधवाविवाहावर बोलायच्या. शेतमजुरांच्या किमान मजुरीवर कार्यक्रम झाले आणि ते बड्या खातेदारांना झोंबले. गावकऱ्यांची गाऱ्हाणी कॅमेऱ्यावर घेऊन अधिकाऱ्यांपुढे ठेवली जायची. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की कार्यक्रम करण्याआधी संशोधक गावात जाऊन विचारायचे आणि झाल्यावर पुन्हा जाऊन, लोकांना काय कळलं नि काय डोक्यावरून गेलं, ते तपासायचे. 1984 मध्ये युनेस्कोचं ग्रामीण संवादासाठीचं पारितोषिक मिळालं. 1985 मध्ये केंद्र बंद!

माझं म्हणणं सरळ आहे. ही चूक होती. तो नमुना उचलून धुळे, गडचिरोली, सिंधुदुर्गात लावला असता तर आपल्याला अहिराणीत आणि मालवणीत बोलणारा टीव्ही चाळीस वर्षांपूर्वी मिळाला असता.

हिशेबी

असहमत. एका जिल्ह्यासाठी एक स्टुडिओ, निर्माते, समाजशास्त्रज्ञ, संच दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आणि वर इस्रोचं पाठबळ. त्या काळी देशात 400 च्या आसपास जिल्हे होते. गुणाकार करून बघा.

याउलट 1983 मध्ये आपला इन्सॅट-1बी उपग्रह वर गेला आणि दूरदर्शनने 70 टक्के लोकसंख्येपर्यंत पोचायचं ठरवलं. 1984 मध्ये तर चारेक महिने रोज सरासरी एक ट्रान्समीटर उभा राहत होता. मजूर, शेतकरी सगळ्यांच्या वाट्याला टीव्ही आला तो असा. तुम्ही म्हणता 400 गावं. ती सहा लाख गावांच्या देशात कुठे दिसतात?

अँटेनावाला

हिशेबी, रोज एक ट्रान्समीटर उभा राहिला खरा, पण तो होता काय? 100 वॅटचं लघुशक्ती केंद्र. एक डिश, एक खोली, एक मनोरा. दिल्लीहून आलेलं वरून पकडायचं नि खाली सोडायचं. स्टुडिओच नाही. त्या तालुक्यातल्या माणसाला त्या मनोऱ्यावरून एक वाक्य बोलायची सोय नव्हती. गावात लाऊडस्पीकर बसवला आणि माईक दिल्लीत ठेवला, याला टीव्ही पोचला म्हणायचं?

टॉवरखालचा

आमच्या तालुक्याला होता असा टॉवर. लहानपणी आम्हाला वाटायचं की बातम्या वाचणारी बाई त्या खोलीतच बसते. एकदा धीर करून कुंपणापाशी गेलो तर आत एक साहेब लुंगीवर पेपर वाचत होते. अँटेनावाला यांच्या मुद्द्याला एवढाच दुजोरा. :)

दूरदर्शनने 2022 पर्यंत अशी बहुतेक ॲनालॉग केंद्रं बंद केली. औरंगाबादला 'टीव्ही सेंटर' या नावाचा चौक आहे, रिक्षावाला बरोब्बर नेतो. टीव्ही सेंटरचं स्थानिक योगदान म्हणाल तर तेवढं.

बडोदेकर

मी खाली सही करतो ती 'आमचं बालपण पीजवर गेलं' अशी. आम्ही बडोद्याचे मराठी, पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत आलेले. बडोदं पीजच्या अधिकृत पल्ल्याबाहेर, पण वडिलांनी गच्चीवर दोन बांबू जोडून एरिअल चढवला होता. वारा सुटला की चित्रात मुंग्या. मग एक जण वर, एक जण जिन्यात आणि आई टीव्हीसमोर, अशी "आता दिसतंय? आता?" ही साखळी.

अँटेनावाला, तुम्ही सांगता ते खोटं नाही. पण आमची गच्ची त्या मजुरीच्या कार्यक्रमासाठी चढली नव्हती हो! आम्ही वाट बघायचो सिनेमाची आणि गाण्यांची. दूरदर्शनचे कार्यक्रमही पीजवरून दिसायचे, त्यासाठी सगळा खटाटोप. शेतीचं लागलं की वडील आवाज बारीक करून जेवायला बसायचे. नडियाद-आणंदमध्ये ज्यांनी स्वतःच्या पैशाने संच घेतले त्यांचीही थोडीफार हीच कथा असणार. केंद्र दूध मंडळीतल्या संचासाठी काढलं आणि बघता बघता दिवाणखान्यातल्या संचांची संख्या वाढली. अशा वेळी केंद्र कोणाचं ऐकणार?

गावकुसाबाहेर

बडोदेकर यांनी दिवाणखाना काढला, मी ओटा काढतो. दूध मंडळीच्या ओट्यावर टीव्ही ठेवला म्हणजे गाव एकत्र बसलं, असं शहरात बसून वाटतं. ओट्यावर कोण बसणार, रस्त्यावर उभं राहून कोण बघणार, संचाची किल्ली कोणाकडे आणि संध्याकाळी भाकऱ्या टाकायच्या वेळी बाई घरातून निघणार कशी, हे काही ट्रान्समीटर ठरवत नाही. अस्पृश्यतेवरचा कार्यक्रम ज्या अंगणात दाखवायचा त्या अंगणात यायला मज्जाव असेल तर?

तरीही मी अँटेनावाला यांच्या बाजूचा. कारण निदान त्या केंद्राने हा प्रश्न स्वतःला विचारला. कोण येतं, कोण येत नाही, याच्या नोंदी ठेवणारी माणसं पगारावर होती. त्या काळातलं आपलं मुंबई दूरदर्शन आठवा. 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. 'आमची माती आमची माणसं'सारखा गुणी कार्यक्रम तिथे होता, मी तो कृतज्ञतेने आठवतो. पण शेतकऱ्याने बोलायचं ते पाव्हण्यासारखं, सावरून, कॉलरचं बटण लावून. पीजवर बोली हीच केंद्राची भाषा होती. हा फरक छोटा नाही.

मूषक

2 पैसे माझे: आता यूट्यूब आहे. आमच्या गावचा एक पोरगा अहिराणीत व्हिडिओ टाकतो, लाखो लोक बघतात. सरकारी मनोरा, युनेस्को, संशोधक कशाला पाहिजेत? विषय संपला.

गावकुसाबाहेर

मूषकराव, तो पोरगा तलाठ्याचं गाऱ्हाणं टाकतो का? आणि टाकलं तर तहसीलदार उत्तर द्यायला येतो का? पीजवर येत होते. स्वखुशीने नव्हे, ते टीव्ही केंद्र सरकारी होतं म्हणून.

मूषक

तो नवऱ्या-बायकोची भांडणं टाकतो. मुद्दा पोचला.

केबलवाला (निवृत्त)

सगळे जुन्या टीव्हीवर बोलताय म्हणून राहवलं नाही. लोकल चॅनेल मी अठरा वर्षं चालवलं आहे. गावाचं नाव सांगत नाही, ओळखीचे लोक अजून तिथेच आहेत.

सुरुवात सगळ्यांची एकच. व्हीसीआर, दुपारी एक सिनेमा, रात्री एक. 1991 च्या आखाती युद्धानंतर डिश आल्या, तशी आमच्या कंट्रोल रूममध्ये आणखी चॅनेल आली आणि एक चॅनेल 'आपलं' उरलं. त्यावर काय नव्हतं? गणपती विसर्जन थेट, शाळांची गॅदरिंगं, नगरपालिकेची मतमोजणी, पाणी कधी येणार त्याची पट्टी, हरवलेली म्हैस. लोक बघायचे. मतमोजणीच्या दिवशी तर मोठ्या चॅनेलला आमच्या गावात कुत्रं विचारत नव्हतं.

आता काळी बाजू. पैसा कुठून येणार? सराफ, साडीचं दुकान, क्लासेस आणि पुढारी. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं बुकिंग महिनाभर आधी. ज्याच्या शुभेच्छा लावल्या त्याच्या वॉर्डातल्या गटाराची बातमी लावायची कशी? एकदा लावली होती. रात्री चार ठिकाणी केबल कापली गेली. कोणी ते मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी गटार सोडलं आणि भजन स्पर्धा धरली. म्हणून म्हणतो, 'स्थानिक' या शब्दाला फार ओवाळू नका. लहान केंद्राला मालक जवळ असतो, आणि मालकाचा हात गळ्यापर्यंत पोचतो.

पुढे डिजिटायझेशन आलं. मुंबईला 2012, पुणे-नागपूर-नाशिकला 2013, आणि शेवटचा टप्पा 2017 ला संपला तेव्हा आमच्यासारख्यांची कंट्रोल रूम गेली. सिग्नल आता मोठ्या एमएसओकडून येतो, म्हणजे अनेक केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीकडून. माझं चॅनेल माझ्याच गावात दाखवायला मी दुसऱ्याला पैसे मोजायचे! 2022 च्या नियमांत लोकल चॅनेलला 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. नोंदणी हजार रुपयांत होते, पण स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी पाहिजे. मी दुकान मिटवलं.

हिशेबी

केबलवाले काका, हा धाग्यातला सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद. आणि माझाच मुद्दा पुढे नेणारा. पीज निर्भीड राहिलं कारण त्याला सराफाच्या जाहिरातीवर जगायचं नव्हतं. ज्या दिवशी ते स्वतःच्या पायावर उभं करायचं म्हटलं असतं, त्या दिवशी मजुरीचा कार्यक्रम गेला असता आणि शुभेच्छांची पट्टी आली असती. म्हणजे ती एक प्रयोगशाळा होती. प्रयोग संपला की प्रयोगशाळा आवरतात.

अँटेनावाला

प्रयोगशाळा म्हणायला हरकत नाही, त्यातल्या माणसांनाही तो शब्द चालला असता. यश पाल त्या अहमदाबादच्या केंद्राचे संचालक होते. 'साइट'चे कार्यक्रम व्यवस्थापक एकनाथ चिटणीस, आपल्या कोल्हापूरचे, पुढे तेच संचालक झाले. विक्रम साराभाईंनी 1969 मध्ये नासाशी करार केला तेव्हापासूनचा तो धागा होता. पण प्रयोगशाळेतून काही निघालं तर ते बाहेर वापरायचं असतं. इथे बाहेर काय वापरलं? नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशात झाबुआला 150 गावांचा आणखी एक प्रयोग झाला. प्रयोगातून प्रयोग. रेडिओला निदान पुढे दार उघडलं: 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना, 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. टीव्हीला ते दार आजही बंद.

आणि पीज आवरलं ते खर्च डोईजड झाला म्हणून नव्हे. अहमदाबादला मोठा ट्रान्समीटर आला, तेव्हा 'आता लहान कशाला' असं ठरलं. ट्रान्समीटर उचलून मद्रासला नेला, तिथल्या शहराच्या दुसऱ्या चॅनेलसाठी. खेड्याचा टीव्ही काढून महानगराला जोडचॅनेल. लोकांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. ज्या जिल्ह्याने 1918 मध्ये सारा भरायला नकार देऊन इंग्रज सरकारला नमवलं, त्या जिल्ह्याचं हे.

बडोदेकर

अहमदाबाद केंद्र आमच्याकडे एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मुंग्या गेल्या. वडिलांनी बांबू उतरवले. खरं सांगायचं तर आमच्या घरात त्या दिवशी आनंदच होता, आणि पीज बंद झाल्याचं कोणाच्या बोलण्यातही आलं नाही. तुमचा धागा वाचून थोडं अपराधी वाटतंय.

टॉवरखालचा

बांबूंचं काय केलंत?

बडोदेकर

कपडे वाळत घालायला. अजून एक आहे.

अँटेनावाला

केबलवाले काकांचा मुद्दा मला नीट खुपलाय आणि तो मी मान्य करतो. लहान केंद्र म्हणजे आपोआप लोकांचं केंद्र, असं मी वर लिहिताना गृहीत धरलं होतं. ते तसं नाही. पैसा लांबून आणि कान जवळ, अशी पीजची विचित्र जुळणी होती, आणि ती टिकवायला दिल्लीत कोणाची तरी इच्छा लागली असती. ती नव्हती. 1984 च्या जुलैत 'हम लोग' सुरू झालं, प्रायोजक रांगेत उभे राहिले आणि दूरदर्शनला कळलं की कमाई कुठे आहे. तिथे चरोतरीत बोलणाऱ्या तासाभराला कोण विचारतो.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. बंद करताना त्या 400 गावांना कोणी विचारलं नाही.

हिशेबी

सुरू करताना तरी कुठे विचारलं होतं?