शोरूमवाले 'पेंट प्रोटेक्शन' घ्याच म्हणतात. घ्यावं का?

गडद_निळी

नमस्कार मंडळी. येत्या आठवड्यात नवीन गाडी ताब्यात मिळतेय. रंग गडद निळा, घरात बरीच भांडणं होऊन ठरलेला. किंमत, विमा, कर्ज सगळं पक्कं झालं आणि सह्या करायच्या वेळी सेल्समनने आणखी एक कागद पुढे केला, 'पेंट प्रोटेक्शन पॅकेज'. बाहेरून सिरॅमिक कोटिंग, आतल्या सीटांवर डाग न पडण्याचा फवारा आणि खालून अंडरबॉडी कोटिंग. पाच वर्षांची वॉरंटी. ओरखडे पडणार नाहीत, खडा उडाला तरी रंग जाणार नाही, पक्ष्यांची घाण नुसत्या पाण्याने निघेल, 'नाइन एच' कडकपणा आहे, असं बरंच काही सांगितलं. वर म्हणाला, हप्त्यात मिसळून टाकू, तुम्हाला कळणारही नाही. विचार करून सांगते म्हटलं आणि निघाले.

गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी राहणार आहे. रोज हायवेने जाणं-येणं. त्यात गडद रंग. त्यामुळे मोह होतोय हे खरं. पण कोटिंग कोणत्या कंपनीचं, लावायला किती वेळ लागतो, लावतो कोण, एवढं विचारलं तर धड उत्तर मिळालं नाही. हे काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

हिशेबनीस

रंगातलं मला कळत नाही, पैशांतलं सांगतो. हप्त्यात मिसळलं म्हणजे त्या रकमेवर कर्ज संपेपर्यंत व्याज भरायचं. घ्यायचंच ठरलं तर वेगळं बिल घ्या आणि रोख द्या, म्हणजे खरा आकडा डोळ्यांसमोर राहील. शिवाय विमा कंपनीला विचारा. उद्या दार ठोकलं गेलं आणि नव्याने रंगवलं, तर त्या दारावरचं कोटिंग परत करून मिळेलच असं नाही.

पेंटशॉप

ताई, मी ठोकलेल्या गाड्या रंगवतो आणि रंगवल्यावरचं पॉलिशही करतो, त्यामुळे शोरूममधून कोटिंग करून आलेल्या गाड्या सतत हाताखालून जातात. जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही तीन-चार वेगळ्या गोष्टींची भीती एकाच बाटलीवर सोपवताय.

पत्र्यावर कारखान्यात आधी ई-कोट, म्हणजे विजेच्या मदतीने चढवलेला गंजरोधक थर बसतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे हा थर केसापेक्षा पातळ. गाडीची चकाकी, उन्हापासूनचा बचाव, सगळं या थरात आहे, आणि आपल्याला दिसणारे बारीक ओरखडेही बहुतेक याच थरात असतात. सिरॅमिक कोटिंग याच्यावर बसतं ते जेमतेम एखाद-दोन मायक्रॉन. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा ते अडवणार नाही. कोणत्याही कंपनीचं असो.

आता 'नाइन एच'. हे पेन्सिलीचं माप आहे. मऊ पेन्सिलीपासून कडक पेन्सिलीपर्यंत एकेक पेन्सिल ठरलेल्या दाबाने पृष्ठभागावरून ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. ९एच ही त्यातली सगळ्यात कडक. पण रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते कुठल्याही पेन्सिलीच्या शिशापेक्षा कडक असतात. धूळ असलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की कोटिंगवर ओरखडे उठतात, मग वॉरंटी पाच वर्षांची असो नाहीतर दहा.

मग कोटिंग खोटं का? मुळीच नाही. चांगलं सिरॅमिक नीट लावलं तर पाणी टिकत नाही, धूळ-चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं आणि पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांच्यापासून थोडी सवड मिळते. वर्षं-दोन वर्षं, जपलं तर त्याहून जास्त टिकतं. मेण काही आठवडे टिकतं, पॉलिमर सीलंट (मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम थर) काही महिने, त्या मानाने हे मोठंच अंतर आहे.

प्रश्न 'नीट लावलं तर' या शब्दांत आहे. कोटिंगच्या कामात बाटली हा सगळ्यात छोटा भाग, एका गाडीला ३० ते ५० मिलिलिटर पुरतं. पैसे मोजायचे ते त्याआधीच्या मेहनतीचे. गाडी धुवायची, मग आयर्न रिमूव्हर मारायचा. रंगात रुतलेले लोखंडाचे बारीक कण विरघळताना जांभळे ओघळ येतात. नव्या गाडीवरही येतात, कारण ती रेल्वेने, ट्रेलरने, उघड्या यार्डातून आलेली असते. मग क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी फिरवायची, हात लावला की काच लागावी इतकं गुळगुळीत होईपर्यंत. मग मशिनने पॉलिश, मग पॉलिशचं तेल काढायला सॉल्व्हंटने पुसणं. तेल राहिलं तर कोटिंग रंगाला धरत नाही. एवढं झाल्यावर एकेक छोटा भाग घेऊन कोटिंग लावायचं, काही क्षण थांबायचं आणि ठरलेल्या वेळात पुसायचं. पुसायचं राहिलं तर तिथे तेलकट इंद्रधनुषी डाग वाळून बसतो आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. नंतर निदान दिवसभर गाडी कोरडी ठेवायची आणि आठवडाभर शाम्पू लावायचा नाही.

हे काम नीट केलं तर एक-दोन दिवस जातात. शोरूममध्ये सकाळी गाडी यार्डातून येते आणि संध्याकाळी हार घालून तुमच्या हातात पडते. मधल्या वेळेत काय होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नुकतीच एक काळी गाडी आली होती. अगदी नवी, शोरूमचं कोटिंग केलेली, मागचा बंपर रंगवायला. बॉनेटवर दिवा तिरका धरला तर सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल-गोल रेषा, आणि दारांवर मशिन फिरवल्याचे पट्टे. एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या की असंच होतं. ओरखडे आधी पडले आणि त्यावर कोटिंग चढलं. आता ते घालवायचे तर पॉलिश करावं लागणार, म्हणजे कोटिंगही जाणार आणि क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉनही. मालकाने पैसे मोजून ओरखडे आत कोंडून घेतले होते. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या गाडीला कोणी हातच लावला नसता तर ती जास्त चांगली राहिली असती.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही. कोटिंग खरंच लावलंय का, हे नंतर तपासायला सोपा उपाय नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र एक-दोन मायक्रॉन इकडे-तिकडे दाखवतंच, त्यामुळे इतका पातळ थर त्यात पकडता येत नाही. आणि पाण्याचे थेंब गोल होतात म्हणाल, तर ते साध्या मेणावरही होतात.

तुमच्या हायवेच्या काळजीवर इलाज पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, हा आहे. पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. खड्याचा मार ती खरंच झेलते आणि वरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने भरून येतात. महाग असते, पण पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. पुढचा बंपर, बॉनेटचा पुढचा भाग, आरसे, दाराच्या कडा आणि मागच्या चाकापुढचा भाग पुरे. फक्त लावणारा फिल्म कुठे कापतो ते विचारा. आधी मापात कापून आणणारा बघा, गाडीवर ठेवून पात्याने कापणाऱ्याचा हात चुकला तर खाली तुमचा रंग आहे.

शोरूमचं पॅकेज घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. कोटिंग हवंच असेल तर गाडी ताब्यात घेऊन, हेच काम करणाऱ्या माणसाकडे जा, आणि जो आधी दिवा लावून गाडी बघतो आणि मग पैसे सांगतो, त्याच्याकडेच द्या.

दोन_मुलांची_आई

मी वेगळा अनुभव लिहिते. आम्ही शोरूममध्येच करून घेतलं होतं. मला चांगला डिटेलर (गाडीचं पॉलिश-कोटिंग करणारा) शोधायला वेळ नाही, गाडी दोन दिवस कुठे सोडताही येत नाही. पाणी मारलं की चिखल सरसर उतरतो, आधीच्या गाडीला हे होत नव्हतं. रंगावर दिवा धरून मी कधी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. मला पैसे वाया गेले असं वाटत नाही.

पेंटशॉप

तुमचा फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. धुण्याचा वेळ वाचणं ही मोठी गोष्ट आहे. पण तेवढ्यासाठीच हवं असेल तर धुतल्यावर ओल्या गाडीवर मारायचा स्प्रे सीलंट मिळतो, तो काही महिने असंच पाणी उतरवतो, आणि ते काम घरी पाच मिनिटांत होतं. एक सांभाळा. गोल झालेले थेंब उन्हात तसेच वाळू देऊ नका. पाणी जड असेल तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचं वर्तुळ राहतं, कोटिंगवरही राहतं. धुतल्यावर जाड मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका.

आणि ज्यांना कोणी 'टेफ्लॉन कोटिंग' विकत असेल त्यांच्यासाठी. तव्यावरचं टेफ्लॉन बसवायला ते भट्टीत तापवावं लागतं, ते वितळतंच ३२७ अंश सेल्सिअसला. गाडीचा रंग कारखान्यात भाजतात तोच साधारण १४० अंशांना. शोरूमच्या मागच्या अंगणात हाताने चोळून तव्यासारखा थर बसत नाही. तिथे मिळतं ते पॉलिश किंवा सीलंट.

बारीक_अक्षर

वॉरंटीचं कार्ड सही करण्याआधी मागा आणि मागची बाजू वाचा. मी पाहिलेल्या कार्डांवर खड्याचे टवके, ओरखडे, अपघात हे सगळं वगळलेलं होतं. ठरलेल्या महिन्यांनी तपासणीला गाडी नेली नाही तर वॉरंटी रद्द, आणि त्या तपासणीचे पैसे वेगळे. दावा मान्य झालाच तर तेवढ्या भागावर पुन्हा कोटिंग करून देणार, रंग नव्याने मारून देणार नाहीत. सेल्समनने तोंडी सांगितलेल्या गोष्टींपैकी त्या कागदावर किती आहेत ते बघा.

गडद_निळी

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंटशॉप दादा, आज शोरूमला फोन केला तर म्हणाले की गाडीला कोटिंग यार्डातच झालंय, आता पैसे द्यावेच लागतील. आणि अंडरबॉडीचं काय करू? सीटांचं?

पेंटशॉप

तुम्ही सही केलेली नाही ना? मग न मागितलेल्या कामाचे पैसे द्यायचं कारण नाही. शांतपणे विचारा : कोणत्या तारखेला लावलं, कोणतं उत्पादन, बाटलीचा बॅच नंबर काय, जॉब कार्ड दाखवा. खरंच केलं असेल तर हे सगळं असतं. नसेल तर विषय तिथेच संपतो. तरी अडून बसले तर व्यवस्थापकाला ईमेल करा, तोंडी बोलू नका.

अंडरबॉडी घाईत करू नका. आजच्या गाड्यांचा सांगाडा कारखान्यात ई-कोटच्या टाकीत पूर्ण बुडवून काढतात, त्यामुळे आतल्या कोपऱ्यांपर्यंत थर पोचलेला असतो. वरून फवारलेलं डांबरी कोटिंग ओल्या किंवा धुळीच्या पत्र्यावर मारलं तर ओल आतच अडकते. दाराच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती बुजली तर गंज आतून सुरू होतो. समुद्राजवळ राहत असाल किंवा रस्त्यावर मीठ टाकत असतील तर विचार करा, पण गाडी कोरडी करून, भोकं झाकून, सावकाश करणाऱ्याकडे. सीटांचा फवारा दुकानात डब्यात मिळतो, सीट कापडी असेल तर स्वतः मारा. लेदरला तसा फवारा लागत नाही.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक ओळ घाला : 'गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिश करू नका, कारखान्यातून आलेली प्लॅस्टिक फिल्म काढू नका, आहे तशी द्या.' ताब्यात घेताना धुळीची दिसली तरी चालेल. उजेडात फिरून बघा, टवका किंवा पोचा असेल तर तिथेच लिहून घ्या. घरी आल्यावर ती प्लॅस्टिक फिल्म लगेच काढा, उन्हात राहिली तर गोंद रंगाला चिकटतो. पहिली धुलाई तुमच्या हातची होऊ दे. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला नुसतं पाणी, आणि वरून खाली या, चाकांच्या वरचा भाग शेवटी.

गडद_निळी

ईमेल केला. कोटिंग बिलातून काढतो म्हणाले. झाडाखालच्या पक्ष्यांचं तेवढं सांगा, तो त्रास रोजचा आहे.

पेंटशॉप

छान झालं. विष्ठेतलं आम्ल आणि ऊन एकत्र आलं की क्लिअर कोटवर खूण उमटते, आणि कडक उन्हाळ्यात त्याला दिवसही लागत नाही. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. वाळलेली असेल तर खरवडू नका, तिच्यात बियांचे, वाळूचे कण असतात. फडकं चिंब भिजवून वर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की वरच्या वर उचलून घ्या, मग दुसऱ्या फडक्याने टिपा. पहिलं फडकं घरी धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नका.