उडते पक्षी: ऑटो आयएसओ की पूर्ण मॅन्युअल?

पाणकाठ
पक्षी टिपायला भिगवणला जाणाऱ्या नवख्यांना हमखास सांगितलं जातं, 'मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ ठेवा.' म्हणजे शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) कॅमेरा ठरवणार. तिथल्या उजनी धरणाच्या पाण्यावर हा सल्ला नडतो. नदी सुरय (रिव्हर टर्न) उजळ आकाशातून सूर मारतो, तेव्हा क्षणात पार्श्वभूमी बदलते. मागे आकाश असलं की कॅमेरा आयएसओ उतरवतो आणि पक्षी काळवंडतो. मागे गडद पाणी आलं की आयएसओ चढतो, पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी दिसतात. पक्ष्यावरचं ऊन तर तेवढंच असतं, मग एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) का हलू द्यायचं? आयएसओही हातानेच ठरवा. सूर्य पाठीशी, ऊन स्वच्छ: शटर १/३२००, अ‍ॅपर्चर एफ ६.३, आयएसओ ४००. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ ८०० ते १२५०. आधी बसलेल्या बगळ्यावर चाचणी घ्या. हायलाइटचा (जळलेल्या उजळ भागांचा) इशारा लुकलुकला, तर तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा).

माळरान
साफ असहमत. पाण्यावर चालेल, पण जवळच्याच कडबनवाडीच्या गवताळ रानात काय कराल? भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) दिसतात ते सूर्य कलताना, आणि शेवटच्या अर्ध्या तासात उजेड झपाट्याने दोन-तीन स्टॉप उतरतो. डोळा व्ह्यूफाइंडरला असताना आकडे बदलत बसलात तर पक्षी गेला. ऑटो आयएसओला ६४०० ची कमाल मर्यादा घाला आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्स्पोजर स्टॉपमध्ये कमी-जास्त करायची सोय) अंगठ्याखालच्या चाकावर घ्या. मागे सुकं गवत असेल तर शून्य, आकाश असेल तर अधिक एक. पांढुरक्या भोवत्याचा नर असेल तर गवतावर उणे तृतीयांश.

पाणकाठ
संध्याकाळच्या माळावर तुमचं म्हणणं मान्य. पण सुरयाचा सूर सेकंदभरात संपतो, तेवढ्यात चाक फिरवणार कोण? प्रकाशाविरुद्धच्या पक्ष्यांसाठी एक ते दीड स्टॉप उजळ असं दुसरं मॅन्युअल सेटिंग कस्टम बटणावर ठेवा. एक दाब, काम झालं.

खंड्या_६००
आयएसओपेक्षा जास्त फोटो दुसऱ्याच कारणांनी वाया जातात. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. दूरचे रोहित (फ्लेमिंगो) मऊच येतात, मग शटर १/४००० का असेना. त्यावर उपाय एकच, लवकर निघणं आणि अंतर कमी असलेलेच पक्षी टिपणं. मात्र अंतर कमी करायला होडी थव्यात घुसवू नका. उठवलेले पक्षी पाठ करूनच उडतात, तो फोटो कुणालाच नको असतो आणि त्यांची चराई मोडते ती वेगळीच. दुसरं, सेन्सर सावकाश वाचणाऱ्या बॉडीत इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं, तर कवड्या खंड्याचे पंख वाकडे येतात. तिथे मेकॅनिकल शटरच हवं. आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) एक स्टॉप अंधार नंतर उचलता येतो, जळलेलं पांढरं परत येत नाही. मोड कुठलाही असो, झुकायचं तर अंधाराकडे.

माळरान
अंधाराकडे झुकणं आयएसओ ४०० ला ठीक. ३२०० वर जुन्या बॉडीत सावल्या उचलल्या की आडवे पट्टे दिसतात. तिथे एक्स्पोजर जागेवरच बरोबर हवं, म्हणून माळावर मी ऑटो आयएसओ सोडणार नाही.